गोठायची वाट

मंदलगोवीच्या इस्पितळात
रात्रपाळीला प्रयोगशाळेत मी एकटीच.
मी, सेंट्रिफ्यूज,
आणि मनात येईल तेव्हाच चालणारा हीटर.
बाहेर उणे एकतीस.
अंगणातल्या ट्रकखाली कुणीतरी शेगडी सरकवलीय,
डिझेल गोठू नये म्हणून.

दावाखूचं रक्त गरगरून थांबतं.
तळाला लाल, वर सीरम.
एरवी वाळल्या गवताच्या रंगाचं असतं ते,
आज मठातल्या दिव्यातल्या जुन्या तुपासारखं.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात.
सकाळी सुई टोचताना मी विचारलंच त्याला.
म्हणाला, बर्फ तर पांढराच आहे, ताई.
तुझं तोंड का असं उतरलंय?

त्याची बहीण सेर्गेलेन
सगळे आकडे वहीत उतरवून घेते.
वही उंटिणींची. कुठली कधी व्यायली, कुठलं पिल्लू जगलं,
आणि मागच्या पानांवर आता भाऊ.

पहिल्या दिवशी मी तिला समजावलं होतं:
लाल पेशी चार महिने राबतात, मग मोडतात.
त्या मोडीचा पिवळा रंग, तो बिलिरुबिन.
यकृत त्याला धरतं, त्यावर आपलं काम करतं,
आणि पित्तातून खाली सोडून देतं.
यकृताचा हात लागलेला आणि न लागलेला,
दोन्ही आम्ही वेगळे मोजतो.
ती म्हणाली,
म्हणजे डाग दिलेली जनावरं आणि बिनडागाची.
कळप एकच.
बावीस वर्षं मी हे काम करते.
मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मग एएलटी.
यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडतं ते.
सोमवारी दोन हजार आठशे दहा.
गुरुवारी अकराशे.
आज तीनशे चाळीस.
चाळीसच्या आत हवं, हे तिला पाठ आहे.
ती हसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून,
आईला फोनही करून झाला:
उतरतंय, आई, भराभर उतरतंय.

बिलिरुबिन अकरा होतं, सतरा झालं, आता तेवीस.
ते सावकाश उतरतं ना, मागाहून?
हो, म्हटलं. कधी कधी.
खोटं नव्हतं ते.

कागदाच्या अगदी तळाशी एक ओळ असते, आयएनआर.
ती तिनं कधी लिहून घेतली नाही.
एक पूर्णांक तीन, एक पूर्णांक नऊ.
एवढ्याशा आकड्यांना कोण भितं?
आज तीन पूर्णांक चार.

आमच्याकडे चुलीत वाळलं शेण जळतं.
जाळ बसला तर एक तर कुणी आग विझवली,
नाही तर टोपलीतलं शेण संपलं.
दुरून, धुराड्याकडे बघून,
यातलं काय झालं ते कळत नाही.
आत जाऊन टोपलीत हात घालावा लागतो.

डॉक्टर ओतगोनसुरेनना उठवलं.
पलीकडून फक्त, किती म्हणालीस?
आणि मग, गाडी सांगतो.
उलानबातर दोनशे साठ किलोमीटर,
रस्त्यावर वारा सुटलेला.

तोवर मी एक साधी काचेची नळी
मुठीत धरून बसलेय.
यंत्राला खोटं पाडायला, दुसरं काय.
दहा मिनिटांत रक्त गोठायला हवं.
वीस झाली.
नळी आडवी करते,
आणि ते धावतं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे,
चपळ, अवखळ,
सव्वीस वर्षांच्या मुलासारखं.

दाराची कडी गोठलीय.
व्हरांड्यातलं दूध, ट्रकची काच,
खिडकीला लागलेला माझा श्वाससुद्धा.

सेर्गेलेन दारात उभी आहे, वही उघडी.
आजचा काही आकडा राहिला का लिहायचा?

मी स्टुलावरचे कागद उचलते,
तिला बसायला जागा करते.
पेन, म्हणते, जरा खाली ठेव.