सव्वाचार

आमच्या घरात घड्याळं दोन.
एक भिंतीवरचं,
पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कारखान्यानं बाबांना दिलेलं,
आणि एक आईच्या तोंडात.
पाहुणे बसलेले असताना ती आतून विचारायची,
"उन्मेष, सव्वाचार वाजले का रे?"
म्हणजे दूध संपत आलंय,
तुम्ही दोघांनी चहा नको म्हणायचं.
सकाळी नऊलासुद्धा आमच्याकडे सव्वाचार वाजायचे.
हे कुठून आलं, ते तिला विचारायचं राहिलं.

बाकीच्यांचा उगम ठाऊक आहे.
खालच्या मजल्यावरचे हुपरीकर
"निघतो" म्हणून उठायचे, चपला घालायचे,
आणि एक पाय आत, एक बाहेर,
धरणातल्या पाण्यापासून पुतणीच्या पत्रिकेपर्यंत
सगळं दारात सांगायचे.
तेव्हापासून आम्ही हुपरीकरतो.
"हुपरीकरू नका, रिक्षा थांबलीय,"
असं आई बाबांना म्हणाली
खुद्द हुपरीकरांच्या दहाव्याला.
माझ्या नाकातून जो आवाज आला
तो मी हुंदका म्हणून खपवला.

तीन वर्षांचा उन्मेष पर्वतीला पलपती म्हणायचा.
तो सुधारला. आम्ही नाही.
बाबा एकदा स्वारगेटला रिक्षावाल्याला
अगदी गंभीरपणे म्हणाले, "पलपती पायथा."
"काका, पुण्यात नवीन का?"
बाबा, जन्म सोमवार पेठेतला,
म्हणाले, "हो."

लग्नानंतर माझ्या नवऱ्यानं ही भाषा शिकायला घेतली.
नांदेडचा माणूस, चिकाटीचा.
शब्द बरोबर वापरतो,
पण वापरण्याआधी जरासा थांबतो,
तेवढ्यानं कळतं.

आई गेली, दीड वर्षानं बाबा.
मग बिबवेवाडीच्या फ्लॅटवरून
उन्मेष आणि मी शुद्ध मराठीत बोलू लागलो.
"तुझं म्हणणं वकिलांना लेखी कळव."
"योग्य वेळी कळवीन."
व्याकरणाची एकही चूक नाही.

काल रजिस्ट्रारच्या कचेरीत सह्या होत्या.
टोकन अठ्ठावीस, पंखा एक.
माझा अंगठा मशीनवर उठेना.
बाई म्हणाल्या, केसांवरून फिरवा, तेल लागू दे जरा.
फिरवला. पुसला. पुन्हा फिरवला.
उन्मेषनं रुमाल पुढे केला, माझ्याकडे न बघता.
बाबांच्याच घडीचा, चौकोनी.

बाहेर आलो.
"निघतो," म्हणाला.
हेल्मेट चढवलं, किल्ली फिरवली,
आणि एक पाय फूटबोर्डवर, एक रस्त्यावर,
सांगत बसला:
इराचा दात पडला तो तिनं गिळला,
कात्रजच्या बोगद्याशी पाठ धरली तेव्हा पाऊण तास तसाच उभा होतो,
भिंतीवरचं घड्याळ त्यानं नेलंय, मला हवं असेल तर—
हेल्मेटच्या आतून बोलत होता,
अर्धं मला ऐकूच आलं नाही.
एक शब्द माझ्या जिभेवर आला होता.
मी तो गिळला, इराच्या दातासारखा.
म्हटला असता तर तो निघाला असता.

मग काच वर करून त्यानंच विचारलं,
"किती वाजले गं?"
मोबाइलमध्ये बारा चाळीस.
समोर टपरीवर भगुलं उतू जायच्या बेतात.
म्हटलं, "सव्वाचार नाही वाजले अजून."
टपरीवाल्यानं आधी मनगटाकडे पाहिलं,
मग आमच्याकडे.