घरचं मीठ

आज सगळ्यांनी घरून चमचाभर मीठ आणायचं होतं.
काडेपेटीत आणलं, वहीच्या कागदात आणलं,
आणि खुदोयोरने मोज्यात, कारण खिसा फाटका.

दुशान्बेहून आलेली बाटली इवलीशी.
मी एकेक थेंब सोडते.
झेबोचं मीठ निळं,
खुदोयोरचं तर वांग्यासारखं जांभळं.
पोरं बाकांवर चढतात.

मग माहिन्सो.
तिचा खडा आहे, आत तांबूस शीर.
तिच्या बापाने डोंगरातून पहारीने फोडलेला,
गाढवावरून वख्शच्या काठाकाठाने तीन दिवस आणलेला.
निम्मी वस्ती हेच खाते.
मीही यावरच वाढले.

थेंब.
पांढरं.
पुन्हा थेंब.
"बाई, मी नापास?"

नाही गं, म्हणते मी, आणि कॉलरचं वरचं बटण लावते.
आईचा एकच फोटो आहे आमच्याकडे;
फोटोवाला म्हणाला होता, हनुवटी खाली घ्या.
निळ्या मण्यांची माळ त्या गाठीवर
उशीवर ठेवावी तशी.
चांगल्या घरच्या बायकांचा गळा असा भरलेलाच असतो,
असं सांगत आम्हाला.

संध्याकाळी संगीनशोच्या घरी गेले.
दारात नौरास. एकोणीस वर्षांचा, माझ्या कमरेहून जरा उंच.
ऐकू येत नाही, बोलता येत नाही.
पण गाढव वळणावर आलं की त्याच्या अनवाणी तळव्यांना कळतं
आणि तो पाण्याची बादली घेऊन धावतो.

रोटी मोडली. मीठ पुढे आलं.
नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.
खाल्लं.
मग पिशवीतून कारखान्याचं पाकीट काढलं, बाटली काढली,
आणि सांगू लागले: बर्फाचं पाणी,
हजारो वर्षं धुपत गेलेली माती, पोटातलं बाळ.
सांगताना नौरासकडे बघायचं मी टाळलं
ते त्याच्या आईला दिसलं.

संगीनशो बराच वेळ गप्प.
"खाल्ल्या मिठाला आम्ही जागलो, बाई.
ते नाही जागलं?"

मग बाटली माझ्या हातातून घेतली,
तळहातावर आपलाच खडा चुरला.
एक थेंब. दिवा जवळ ओढला.
आणखी एक.
मी थांबा म्हटलं नाही.
ती संपेपर्यंत तो टाकत राहिला.