चारशे सात

आम्हां ओगिएकांत शेतं नाही, झाडं वाटली जायची.
आमच्या वाट्याच्या झाडावर आता
पांढऱ्या रंगात आकडा आहे : चारशे सात.
वर टांगलेला सीडरचा पोकळ ओंडका,
आजोबांनी कोरलेला. दोर बाबांनी बदललेला.
मी तिसरी. तारेशी उभी.

रक्षक किप्तुई माझ्याच मावशीचा मुलगा.
बूट सरकारी, खोकला आमच्या घरातला.
म्हणतो, "बघ की, झरा परत आला."
आलाय खरा. माझा पिवळा कॅन
भर उन्हाळ्यातही अर्ध्या वाटेवर भरतो.
ते मी नाकारत नाही.

पण परवा रात्री हत्ती आले, मका गेला,
आणि नुकसानभरपाईचा तीन पानी फॉर्म आला नैरोबीहून :
हत्ती नर होता की मादी?

सकाळी, तुडवून उरलेल्या घेवड्यावर मधमाश्या.
माझ्या फुलांत पोटं भरून
तारेवरून सरळ आत, चारशे सातकडे.
किप्तुईनं पाहिलं. मीही.
तो बुटाची नाडी बांधत बसला.

बाबा खाटेवरून विचारतात,
यंदा मध कसाय?
गोड असेल, म्हणते,
निम्मा तर आपल्याच घेवड्याचा.