चौथ्या रात्रीची नोंद

डोळ्यांना काहीच दिसत नाही.
लुआंग्वा नदीच्या काठचं सुकं गवत नुसतं ऐकू येतं,
आणि शेजारी न्जोब्वूच्या जाकिटाला डिझेलचा वास.
पण या कॅमेऱ्याला उजेड लागत नाही,
त्याला ऊब लागते.
त्याच्या पडद्यावर जमीन राखाडी, आभाळ काळंठिक्कर,
आणि त्या राखाडीत पोट टेकून बसलेल्या तीन सिंहिणी,
सायीसारख्या पांढऱ्या.
नाकाचं टोक तेवढं काळं. नाक गार असतं,
हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं.

बावीस मिनिटं झाली.
मांडीला मुंग्या आल्यात, हलायचं नाही.
ऑफिसातून निरोप आहे: शिकार हवी, अख्खी,
पहिल्या पावलापासून.
थोरली चार हात पुढे सरकते,
तरी तिची बसलेली जागा उजळच राहते मागे,
जशी आणखी एक सिंहीण, चपटी,
गवतात विसरलेली.
पाण्यापाशी पुकू हरणं. एक मान वर करतं,
पुन्हा खाली घालतं.
आता.
आता होणार.

आणि चौकटीच्या उजव्या कडेला
एक माणूस.
हवेत बसलेला. पाय गरागरा फिरवतोय,
खाली काही नाही.
हाताशी एक लहानसा पांढरा गोळा लोंबतोय, झुलतोय.
मला कळायला वेळ लागला.
सायकल गार होती, म्हणून नव्हती.
गोळा म्हणजे कोंबडी.
बोरूच्या बेटामागून रस्ता वळतो तिथं
तो आणि थोरली यांच्यात दीडशे पावलं असतील,
आणि पुसट शीळ घालत होता तो.

मी "थांब" म्हणाले का?
म्हणाले असेन. कुणाला, ते आठवत नाही.
न्जोब्वूनं मला विचारलं नाही.
किल्ली फिरवली, दोन्ही दिवे लावले,
आणि चार रात्रींचा काळोख एका खोकल्यात फुटला.
हरणं पाण्यातून उधळली.
सिंहिणींनी आमच्याकडे पाहिलं,
भरल्या पंगतीतून उठवलेल्या पाहुण्यांनी
यजमानाकडे पाहावं तसं,
आणि निघून गेल्या. पळाल्यासुद्धा नाहीत.

त्याचं नाव मातेयो. न्जोब्वूच्या मावशीच्या गावचा.
लेकीच्या सासरी चालला होता, नातू झाला म्हणून.
"आज इथं होत्या?" तो म्हणाला,
"काल तर पंपापाशी ओरडत होत्या."
आभार वगैरे काही नाही.
उलट दिवे बंद करायला सांगितले, कोंबडी बिचकते.
सायकल मागं चढवली, तेव्हा ती दिसली मला
पहिल्यांदा: हिरवी, एका पॅडलला चिंधी बांधलेली.
मग ते दोघं त्यांच्या भाषेत बोलत राहिले
मक्याच्या भावाबद्दल, बहुतेक,
कारण दोघंही दोनदा हसले आणि एकदा गप्प झाले.

गावाच्या अलीकडे तो उतरला.
उतरताना गाडीच्या लोखंडी दांड्याला धरलं त्यानं,
घट्ट, गुडघा दुखत असावा.
कॅमेरा तसाच चालू, तोंड पुढे करून,
मी बंद करायला विसरले होते.
पडद्यावर तो दांडा काळा,
आणि त्यावर एक पंजा, पांढरा, पाचही बोटं,
माणूस केव्हाच अंधारात चालता झालेला.
करंगळी आधी विझली.
मग मधली बोटं, एकेक.
तळव्याचा मांसल भाग बराच वेळ तगून राहिला.
न्जोब्वू म्हणाला, "उद्या येतील परत."
मी विचारलं नाही, कोण.

तंबूत येऊन वही उघडली.
कंदिलावर पाखरं आपटत होती.
शिकार: नाही.
सिंहिणी: तीन, बावीस मिनिटं, वापरता येईल.
इतर:
इथं पेन थोडं अडलं. मग लिहिलं,
हात.