दर पंधरा मिनिटांनी

टॉडमॉर्डनला पाणी टाउन हॉलच्या पोटाखालून जातं,
म्हणून इथे ते दिसण्याआधी ऐकू येतं.
आम्ही अकरा जण ते मोजतो.
पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी,
बंद गिरणीच्या भिंतीला सेन्सर,
आणि आकडा दर पंधरा मिनिटांनी
माझ्या माळ्यावरच्या सर्व्हरपाशी येतो.
०.४१. ०.४१. ०.४३.

पूर्वी सगळं सताड उघडं होतं.
एपीआय म्हणजे काय गं, अ‍ॅक्रॉइडबाईंनी विचारलेलं.
मी म्हटलं, घराच्या मागच्या भिंतीला लावलेला नळ.
येणाऱ्याने आपलं भांडं आणावं.
आणली लोकांनी.
हॅलिफॅक्सच्या इम्तियाझने शाळेच्या बससाठी काहीतरी केलं,
वरच्या कुरणातल्या मेंढपाळाने भोंगा वाजणारं,
आणि कॅलम नावाच्या, मी कधीच न पाहिलेल्या मुलाने
एक बोलणारं ॲप,
हेटी ग्रीनवुडसाठी. तिला दिसत नाही
आणि ती अगदी काठाला राहते.

मग त्या फेब्रुवारीत कुणीतरी टँकर घेऊन आलं.
सेकंदाला चार हजार मागण्या.
विम्याचे दर ठरवणारी कंपनी म्हणे,
नाव शेवटपर्यंत कळलं नाही.
सर्व्हर आडवा झाला तो उजाडेपर्यंत.
पट्टीवर पाणी चढतच होतं,
आणि हेटीच्या फोनमधला आवाज म्हणत होता
वन पॉइंट नाइन.
वन पॉइंट नाइन.
तिच्या गुडघ्याला गार लागलं तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी मीच कुलूप घातलं.
रागाने घातलेल्या कुलपाची चावी
ठेवलेल्या जागी सापडत नाही.
तीन वर्षं गेली.
सकाळी चहा घेताना लॉग बघायचे,
कोण कोण दारापर्यंत येऊन गेलं.
४०३, मनाई. ४०३, मनाई.
कॅलमचं ॲप तर दर पंधरा मिनिटांनी येई.
त्याला कुणी सांगितलंच नसावं.
वाजवायचं, थांबायचं, जायचं.

माझ्या भाषेत पाणवठा हा साधा शब्द नाही.
कुणाचा घाट वर, कुणाचा खाली,
कुणाची ओंजळ,
आणि उंचावरून धार सोडणारा हात कुणाचा.
वडील यावर बोलत नसत.
फक्त कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही
हे त्यांनी मला अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलं.
आणि मी, त्यांची मुलगी,
यॉर्कशरमधल्या माळ्यावर पायात दोन-दोन मोजे घालून
लोकांना मनाई पाठवत होते.

गेल्या मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ठराव आला.
सटक्लिफ म्हणाले, पुन्हा तेच होणार.
होईल, मी म्हटलं.
म्हणून मिनिटाला साठ. प्रत्येकाला वेगळी चावी.
पूर आला की आधी गावातले.
सटक्लिफना नाव, आडनाव, धंदा, सगळं हवं होतं.
नाव ठेवलं.
आडनावाचा रकाना मी फॉर्ममधून काढला,
का, ते कुणी विचारलं नाही.
आणि ज्याच्याकडे चावीच नाही
त्यालाही एक आकडा, शेवटचा, मिळावा,
हे मी बिस्किटं फिरत असताना घुसवलं.
सात विरुद्ध चार.

रात्री अकरा बेचाळीसला
एका ओळीतल्या 'नाही'चं 'हो' केलं.
एवढंच. मला वाटलं होतं
निदान पंखा तरी वेगळा घुमेल.
पावणेबाराला कॅलमचं ॲप आलं,
नेहमीसारखं, परत जायच्या तयारीने.
२००.

हेटी आता बहिणीकडे राहते, चढावर.
फोन उशाशी असेल, किंवा खणात,
किंवा तिने कधीच बदलला असेल.
झीरो पॉइंट फोर फोर.
खणातल्या खणात बोलला असेल.
सकाळी तिला फोन करायचा आहे.
नंबर लिहून ठेवलाय. अजून लावलेला नाही.