सात ते सात

ती पाणी पीतच होती. उन्हाळा आहे, आम्ही म्हणालो.
मग कणा हाताला लागू लागला,
ताण्यातली गाठ लागते तसा.
डॉक्टर केंगनाळकर म्हणाले, साखर.
"मांजराला?" राजव्वा हसली. मग गप्प.

फ्रिजच्या दारात आता दोन बाटल्या:
अण्णांची शंभरची, बोबीनची चाळीसची.
सुयाही वेगळ्या. हिच्या डब्याला
मी लाल सूत गुंडाळलंय,
लाइट गेली तरी बोटांना कळावं.

आधी खाणं, मग सुई.
बाटली हलवायची नाही, तळहातांत घोळवायची.
एक युनिट.
वीस वर्षं तुटका धागा न बघता सांधणारा मी
त्या एका रेषेशी चष्मा पुसतो.

सकाळी सात, संध्याकाळी सात,
लूमवर पाळी बदलते तेव्हाच.

काल तिनं वाटी हुंगली, तोंड फिरवलं.
सुई भरलीच नाही. फोन केला.
"बरं केलंत. झोकांड्या गेल्या तर
हिरड्यांना मध, आणि लगेच घेऊन या."

राजव्वा मधाची बाटली मांडीवर घेऊन
फरशीवर बसून राहिली.
आतून अण्णा खोकले: "जेवली का ती?"
कधी नाव न घेतलेलं माणूस.

पावणेबाराला
वाटी सरकल्याचा आवाज आला.