छिद्र नाही

तिसऱ्यांदा आणला नाबरबाईंनी तोच तंबू.
पिशवीत घडी, घडीत ओल,
ओलीत बुरशीचा बारीक काळा रवा.
"गळतो," म्हणाल्या. "शिवण बघा नीट."

मी तीस वर्षं ताडपत्री शिवतोय दारूखान्यात,
ट्रकच्या, होड्यांच्या, लग्नाच्या मांडवाच्या.
तिथं गळणं म्हणजे गळणं. वरून आत.
हे नवं कापड कांद्याच्या सालीएवढं,
सबंध तंबू भरतो नऊशे ग्रॅम,
माझी कात्री त्याच्याहून जड.

शिवण बघितली. आत बल्ब धरून बघितलं.
खाली कागद पसरून वरून बादली ओतली.
कागद कोरडा.

मग जानेवारीत एका रात्री
कॉटन ग्रीनला आमच्याच गच्चीवर उभा केला.
गच्चीत खुंटी कुठली ठोकणार,
चार कोपऱ्यांना पाण्याच्या चार बाटल्या,
एक दोरी डिशच्या खांबाला, एक टाकीच्या पाइपाला.
बायको म्हणाली, या वयात माणसं काशीला जातात,
तुम्ही गच्चीवर निघालात.

आभाळ स्वच्छ होतं.
बंदराकडून येणारी हवा खारट आणि जड,
अंगाला लागून उभी राहणारी.
डास नकोत म्हणून सगळ्या चेनी ओढल्या
आणि झोपलो.

पहाटे चारला कपाळावर थेंब.
मग दुसरा, नेमका त्याच जागी,
पिंडीवर पडावा तसा.
टॉर्च लावला तर कापडाला आतून
घामोळं उठलेलं.
बोट टेकवलं, दोन थेंब एक झाले,
वाटेत भेटेल त्याला सोबत घेत
धावत सुटले ते थेट उशीत.
पंचाने पुसून वाटीत पिळलं.
पाऊण वाटी.
चाखूनही बघितलं, कुणी बघत नव्हतं म्हणून.
पावसाचं नाही, नळाचं नाही.
माझंच.
पातेल्याच्या झाकणाला आतून जमतं तेच,
फक्त पातेल्यात रात्रभर मी होतो.

पुढच्या तीन रात्री मग खेळच झाला.
ओल्या चपला बाहेर.
दोन्ही टोकांच्या खिडक्या चार बोटं उघड्या.
वरचं कापड जमिनीपासून वीतभर उचललेलं,
दाराचं तोंड वाऱ्याकडे,
डोकं पांघरुणात खुपसायचं नाही.
अर्धी वाटी.
मग पाव.
चौथ्या रात्री नुसता पंचा दमट.
त्याच्या खाली उतरेना.
बाहेर बाटल्यांवरही दव होतंच,
आणि श्वास काही मला थांबवता येत नव्हता.

बाई आल्या तेव्हा हे सगळं सांगितलं, हातवारे करून.
त्यांना पटेना.
"दोन हिवाळे आम्ही दोघं झोपायचो यात,
पाठीला पाठ लावून, सगळं गच्च बंद करून.
मला थंडी सोसत नाही.
एकदाही गळला नाही तेव्हा."

मी मनात हिशेब केला.
दोघांची दीड वाटी.
म्हणजे कुणीतरी अंधारात आधी उठत असणार,
चेन न वाजवता, कोपरावर रेलून,
वरून खाली, सावकाश,
झोपलेल्या माणसावर थेंब पडू न देता.

बोललो नाही. आमचं काम शिवणीचं.

त्याच बघत होत्या माझ्या खुंटीवरच्या पंचाकडे.
"त्याच्या बॅगेत निळा फडका असायचा असा.
कायम ओला.
मी चिडायचे, कोरड्या कपड्यांत कशाला कोंबतोस म्हणून.
मला वाटायचं भांड्यांचा."

बाहेर पत्र्यावर कुणी हातोडा मारत होतं.
तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही गप्प.

पावती फाडली.
कामाच्या रकान्यात लिहिलं, छिद्र नाही.
मजुरीच्या रकान्यात रेघ ओढली.
तंबू वाळवून, सैल गुंडाळून पिशवीत भरला
आणि वरच, हाताला लगेच लागेल असा,
एक धुतलेला पंचा.